कॅसेटची चौथी बाजू

प्रश्न : काका, मी रोज खानापूरहून बसने बेळगावला कॉलेजला येते. वाटेत पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचे ‘डार्क साइड ऑफ द मून’, ‘विश यू वेअर हिअर’, ‘अ‍ॅनिमल्स’, ‘द वॉल’ आणि ‘द फायनल कट’ हे अल्बम ऐकून काढले. मला वाटतं, पाचही मिळून एकाच माणसाची गोष्ट आहे. मैत्रिणी म्हणतात, तुझं काहीतरीच. खरं काय?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : पाचांची एक गोष्ट नाही. शेवटच्या दोघांची सोयरीक मात्र खरी आहे, आणि ती जुळते एका मास्तरापाशी.

‘द वॉल’मधला (१९७९) पोरांना झोडपणारा मास्तर आठवतो ना? आता ‘फायनल कट’मधलं (१९८३) ‘द हीरोज रिटर्न’ ऐक. तोच मास्तर. हा गडी युद्धात बॉम्बर विमानात होता आणि इंटरकॉमवर ऐकलेले मरत्या गनरचे शब्द अजून त्याच्या कानातून गेलेले नाहीत. बायकोला सांगायची छाती नाही, म्हणून ती झोपल्यावर बोलतो. मला हे उमगलं त्या रात्री मी ‘वॉल’मधली शाळा परत लावली. ओरडणं तेच, पण मास्तराचा राग काही येईना.

बाकीच्यांचा बादरायणसंबंध तुला का वाटला, तेही कळतं. ‘विश यू वेअर हिअर’ (१९७५) आहे बँड सुटलेल्या, मन हरवलेल्या त्यांच्या पहिल्या गायकाच्या, सिड बॅरेटच्या आठवणीत. ‘वॉल’चा नायक पिंक थोडा बॅरेटवर बेतलाय, थोडा बँडची गाणी लिहिणाऱ्या खुद्द रॉजर वॉटर्सवर. वॉटर्सचे वडील १९४४ मध्ये इटलीत अँझिओच्या लढाईत गेले, तेव्हा हा जेमतेम पाच महिन्यांचा. घरातली दुखणी तीच म्हणून पात्रही तेच, असं होत नाही बाई. ‘अ‍ॅनिमल्स’च्या दौऱ्यात, १९७७ ला माँट्रिअलमध्ये, वॉटर्स चिडून एका प्रेक्षकावर थुंकला आणि आपल्यात नि लोकांत भिंत उभी राहिल्याचं त्याला जाणवलं. तो ‘वॉल’चा उगम, आधीचा अध्याय नव्हे.

‘डार्क साइड’ची (१९७३) तऱ्हा आणखी वेगळी. आपल्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांनी ‘गीत वर्षा’ बांधलं, त्यात कुठे गोष्ट आहे? पावसाळा आहे, बस्स. तसं इथे वेळ, पैसा, वेड. आणि सुरुवातीला नि शेवटी ठोके देणारं एक काळीज.

माझी फजिती सांगतो. कॉलेजात असताना ‘वॉल’ बाजारातल्या एका दुकानात भरून घेतला. दोन एलपी तबकड्यांच्या चार बाजू मिळून ८१ मिनिटं, आणि त्या बाबानं कॅसेट घातली साठची! चौथी बाजू गायब. दोन वर्षं माझ्या हिशेबी शेवटी पिंकवर चालणारा खटला उभाच राहिला नाही, त्याच्याभोवतीची भिंतही पडली नाही. मी मात्र मित्रांना शेवट समजावून सांगत होतो.

त्या चौथ्या बाजूच्या अगदी टोकाला, भिंत पडल्यावर, एक हळू आवाज म्हणतो, ‘इथूनच ना…’ आणि तुटतो. पहिल्या गाण्याच्या आधी, तितक्याच हळू, ‘…आपण आत आलो होतो?’ धूनही तीच.

तेव्हा शफल आधी बंद कर. जाताना दोन बाजू, येताना दोन. शेवटचं गाणं संपलं की खानापूर स्टँडवर उतरायच्या आत पहिलं लाव. आवाज मोठा ठेव, त्या बसच्या खिडक्या फार खडखडतात.