‘हक्कावर पाणी सोडणे’ : कोणते पाणी?

कवठे महांकाळच्या एका वाचकाने विचारले आहे की, म्हैसाळ योजनेचे, म्हणजे कृष्णेतून उपसून दुष्काळी भागाला दिले जाणारे, पाणी सोडले म्हणजे आमच्याकडे आनंदाची बातमी असते. मग ‘हक्कावर पाणी सोडले’ याचा अर्थ हक्क गमावणे असा का होतो?

क्रियापद एकच असले तरी ही दोन पाणी निराळी आहेत. वाक्प्रचारातले पाणी दानविधीतले आहे. दान देणारा हातात पाणी घेऊन संकल्प उच्चारतो आणि ‘न मम’, म्हणजे ‘हे माझे नाही’, असे म्हणत ते घेणाऱ्याच्या हातावर किंवा ताम्हणात सोडतो. वस्तू जागची हललेली नसली तरी तिच्यावरचे स्वामित्व त्या क्षणी संपते. जुन्या ताम्रपटांत गाव दान दिल्याची नोंद ‘उदकातिसर्गेण’, म्हणजे उदक सोडून, अशी आढळते ती यामुळेच. बळीराजा वामनाला भूमी देऊ लागला तेव्हा शुक्राचार्य झारीच्या तोटीत शिरून बसले, कारण धार पडली नसती तर दान पुरे झाले नसते. ‘झारीतले शुक्राचार्य’ आपण आजही म्हणतो, पण त्यामागे हा विधी आहे हे सहसा ध्यानात येत नाही.

व्याकरणाची खूण ‘वर’ या शब्दयोगी अव्ययात आहे. रानात पाणी सोडणारा, पिकाला पाणी देणारा, रात्री दारे धरून ते वाफ्यांत वळवणारा शेतकरी जमिनीचा धनीच असतो. जमिनीवर पाणी सोडणारा मात्र तिच्यावरचा हक्क सांगत नाही.

‘पाणी पडणे’ याहून वेगळे. 2019च्या महापुरात कृष्णाकाठच्या शेतकऱ्यांच्या कष्टांवर पाणी पडले, आणि तेही अक्षरशः. तेथे ‘पाणी सोडले’ असे लिहिणे मला नुसते चुकीचे नव्हे, अन्यायाचे वाटते, कारण त्यांनी आपण होऊन काहीच सोडले नव्हते. ‘पैशांवर पाणी सोडावे लागले’ हा प्रयोग मात्र योग्य आहे. त्यात नाइलाज असला तरी सोडणारा आपणच असतो.

‘तिलांजली’ ही तीळमिश्रित पाण्याची ओंजळ माहुलीच्या संगमावर किंवा हरिपूरच्या घाटावर पितरांना, म्हणजे या जगातून गेलेल्यांना, दिली जाते. म्हणून दुसऱ्याच्या हाती जाणाऱ्या हक्कावर पाणी सोडावे, आणि जी प्रथा किंवा जे व्यसन कायमचे संपवायचे त्याला तिलांजली द्यावी.