नऊ-अकरा, सातबारा आणि मधली तिरकी रेघ

प्रश्न असा आहे: न्यूयॉर्कवरचा हल्ला ११ सप्टेंबर २००१ चा, मग मराठीत ९/११ का? ११/९ नको का?

नको. अमेरिकेत महिना आधी लिहितात, हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पण शुद्धलेखनाचे काही राखणदार ११/९ चा हट्ट सोडत नाहीत. त्यांनी एकदा तलाठ्याकडे जाऊन 'बारासात द्या' म्हणून बघावं. उतारा मिळायचा नाही, बारासात पश्चिम बंगालात आहे.

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, एक हक्काचा, दुसरा पिकांचा. पण आता ते आकडे राहिलेत कुठे? सातबाऱ्यावर नाव चढतं, सातबारा कोरा होतो. सामान्यरूप झालं की आकड्याचं नाम झालंच म्हणून समजा! चारशेवीसचंही तेच. २०२४ मध्ये नवा कायदा आला, फसवणुकीचं कलम ३१८ झालं, भामटा मात्र चारशेवीसच राहिला.

९/११ हेही असंच नाव आहे, तारीख नव्हे. ब्रिटिश दिवस आधी लिहितात, तरी तेही ९/११ च म्हणतात. स्पॅनिश लोक तेवढे आपल्या क्रमाला धरून '११-एस' म्हणतात.

गंमत म्हणजे खुद्द अमेरिकेला अशी सवय नव्हती. ७ डिसेंबर १९४१ ही तारीख कायम कलंकित राहील असं रूझवेल्ट म्हणाले, लोकांनी मात्र पर्ल हार्बर ही जागा लक्षात ठेवली. तारखेनं ओळखला जायचा तो चार जुलै, आणि तो सणाचा दिवस. मग हाच आकडा का चिकटला? माझा लाडका संशय ९११ वर आहे. १९६८ पासूनचा हा तिथला आणीबाणीचा फोन नंबर. उच्चार वेगळे, फोन 'नाइन-वन-वन' आणि हल्ला 'नाइन-इलेव्हन'. योगायोगच, पण संकटाच्या खात्यात तो आकडा आधीच जमा होता.

तेव्हापासून ती तिरकी रेघ दहशतवादाची झाली. मुंबईचंच बघा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्याला आपण 'सव्वीस जुलै' म्हणतो, महिन्याच्या नावासकट. २००८ चा हल्ला 'सव्वीस-अकरा'. आणि १२ मार्च १९९३? ते 'त्र्याण्णवचे बॉम्बस्फोट', कारण रेघ तेव्हा अमेरिकेतून यायची होती. तिथंही वादळाला कतरिना असं बाईचं नाव, शत्रूच्या हल्ल्याला तारीख. ही वाटणी नुसती शब्दांत राहती तर ठीक होतं. २००३ मध्ये त्यांनी आपत्ती निवारणाचं खातंच दहशतवादाशी लढायला काढलेल्या नव्या गृहसुरक्षा विभागात नेऊन घातलं. २००५ मध्ये न्यू ऑर्लिन्सचे बांध फुटले, मदतीला उशीर झाला, आणि त्या खात्याला देशभर शिव्या बसल्या. आणि आपले वाहिनीवाले शेअर बाजार पडला तरी 'बाजाराचं नाइन-इलेव्हन' म्हणतात. शिसारी येते.

हं, क्रमाचं राहिलंच. ११ जुलै २००६ चे लोकलमधले स्फोट आपण ७/११ लिहितो. लोकल पश्चिम रेल्वेची, माणसं आपली, क्रम तेवढा न्यूयॉर्कचा. राखणदारांना लाल पेन काढायचंच असेल तर इथं काढा, मी आड येणार नाही.