उत्तर: सर्दी असताना उडायचं का? माझा डावा कान आणि गेलेली एक टर्म

दापोलीच्या मित्रा, तुझी पोस्ट काल रात्री वाचली आणि झोपच लागेना, कारण तू लिहिलंयस ते सगळं मी करून बसलोय, अगदी त्याच क्रमाने. पायलट ट्रेनिंगच्या टर्म ब्रेकवर घरी आलास, मिरगाच्या पावसात भिजलास, नाक चोंदलंय, खेडच्या मेडिकलवाल्याने गोळ्या आणि नाकात टाकायचे थेंब दिलेत, रविवारी परत हजर व्हायचंय, लगेच त्याच आठवड्यात सॉर्टी (ट्रेनिंगचं उड्डाण) आहे आणि तिकडच्या डॉक्टरला सांगू की नको असं विचारतोयस, कारण सांगितलं तर ग्राउंड करतील, म्हणजे उडणं बंद, आणि कोर्समेट पुढे जातील.

सांग. पोचल्या दिवशी सांग. उत्तर एवढंच आहे, खाली सगळं लांबण आहे, गाडीत वाच.

मी डॉक्टर नाही. चौदा वर्षं शॉर्ट सर्विसवर (ठरावीक मुदतीच्या नोकरीवर) एअरफोर्सची हेलिकॉप्टरं उडवली, आता देवगडकडे हापूसची कलमं सांभाळतो. माझ्या वेळचं ट्रेनिंगचं विमान आता नाही, नियमही बदलले असणार, तेव्हा माझं ऐकून कुणाशी वाद घालू नकोस. आणि आधी ती पोस्ट एडिट कर रे, कोर्स नंबर आणि सॉर्टीचा वार कशाला लिहितोस? युनिटमधल्या गोष्टी इथे लिहायच्या नसतात हे पहिल्याच आठवड्यात सांगतात ना.

तर २००६ चा जून. मी असाच सुट्टीवर आलो होतो. पहिला मोठा पाऊस पडला की आमच्याकडे व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून, चढणीचे मासे वर येतात हे तुला सांगायला नको, रात्री बॅटरी घेऊन सगळी पोरं बाहेर. मी तीन रात्री गेलो. चौथ्या दिवशी नाकातून पाणी, पाचव्या दिवशी डोकं जड. आता कोकणात सर्दीला आजार कोण म्हणतं? आईने काढा दिला, एसटी स्टँडसमोरच्या मेडिकलमधून बाबा पिवळ्या गोळ्या घेऊन आले, दोन घेतल्या की झोप यायची आणि नाक मोकळं झाल्यासारखं वाटायचं. उरलेली स्ट्रिप मी बॅगेत टाकली आणि तीच घेऊन डुंडीगलला, हैदराबादजवळच्या एअरफोर्स अकॅडमीत, गेलो.

तिकडे सकाळी मेडिकलला बीपी बघायचे, झोप झाली का, काही त्रास आहे का विचारायचे. मी म्हटलं नो सर. रोज नो सर. कारण सांगितलं की उडणं बंद, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट, गावात स्टँडवर माझा बॅनर लागला होता. गावचा पहिला पायलट, खाली पासिंग आऊटचा महिना सुद्धा छापलेला. बाबांनी तर तिकिटांची चौकशी करून ठेवलेली. त्या बॅनरपायी मी खोटं बोललो असं आज म्हणतो, पण खरं तर मलाच मागे पडायची लाज वाटत होती.

त्या आठवड्यात माझी स्पिनची सॉर्टी होती, म्हणजे विमान गिरक्या घेत खाली पडू द्यायचं आणि त्यातून बाहेर काढायचं. आमच्या वेळी एचपीटी-३२ होतं, पिस्टन इंजिनाचं, इन्स्ट्रक्टर शेजारी बसायचा. (ते विमान २००९ मध्ये अपघातानंतर ग्राउंड केलं, मग २०१३ पासून पिलाटस आलं, तुम्ही पोरं नशीबवान.) वर जाताना काहीच वाटलं नाही आणि गोम इथेच आहे. वर जाताना कानातली हवा आपोआप नाकाकडे निघून जाते, कान आणि नाक जोडणारी नळी चोंदलेली असली तरी फुगा सुटावा तशी ती बाहेर पडते. खाली येताना मात्र बाहेरून आत हवा जायला पाहिजे आणि सुजलेली नळी झडपेसारखी मिटून बसते, आत जाऊच देत नाही. म्हणजे वर असताना तुला वाटतं कान ठीक आहे, चला, आणि तोपर्यंत तू वर येऊन बसलेला असतोस, खाली तर यायलाच लागणार.

आपल्या भाषेत सांगतो. जेटीवरून बुडी मारताना वावभर खाली गेलं की कान दुखतो आणि आपण नाक धरून हवा काढतो, लहानपणी सगळ्यांनी केलंय. आठ हजार फुटांवरून जमिनीवर येणं म्हणजे कानाच्या हिशेबाने साधारण अडीच मीटर बुडी. ऐकायला काहीच नाही, पण नाक चोंदलेलं असताना अडीच मीटर बुडी मारून बघ, म्हणजे नकोच मारू. शिवाय हवा खाली दाट असते, त्यामुळे शेवटचे दोन-तीन हजार फूट, जिथे लँडिंगकडे लक्ष पाहिजे, तिथेच कान जास्त छळतो.

स्पिनमध्ये हे सगळं काही सेकंदांत होतं. तिसऱ्या गिरकीला डाव्या कानात कुणीतरी खिळा ठोकला असं झालं. इन्स्ट्रक्टर काहीतरी म्हणाला, मला हेडसेटमधून फक्त भुणभुण ऐकू आली. त्यात गोळीची गुंगी, ती मला जाणवतच नव्हती, पण गिरकी थांबवायला पायाने उलटा रडर द्यायला मी उशीर केला, किती ते माहीत नाही, एक गिरकी जास्त झाली एवढं नक्की. मग त्याने कंट्रोल घेतले. सर्किटमध्ये (उतरण्याआधीच्या धावपट्टीभोवतीच्या फेऱ्यात) येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. मी नाक दाबून जीव खाऊन फुंकत होतो, आणि नेमकं हेच करायचं नसतं, हळू फुंकायचं, आवंढा गिळायचा, जबडा हलवायचा, आणि तरी सुटलं नाही तर सांगायचं, जमेल तर थोडं वर जाऊन मग हळू खाली यायचं. जोर लावला की पडद्याची वाट लागते.

उतरल्यावर डीब्रीफमध्ये (उड्डाणानंतरच्या चर्चेत) त्याने विचारलं, व्हॉट हॅपन्ड? मी म्हटलं, सर, डिसओरिएंट झालो, म्हणजे दिशाभान गेलं.

मूर्खपणा म्हणायचा तर तो हा. सर्दी लपवली ते एक वेळ समजू शकतो, बाविशीतल्या पोराकडून होतं. पण कान ठणकतोय, समोर माणूस सरळ विचारतोय, आणि मी असं कारण दिलं की ज्याने माझ्या उडण्यावरच शंका येईल. त्याने फाइलमध्ये ते तसंच लिहिलं. लिहिणारच ना, मीच सांगितलेलं. दोन दिवसांनी उशीवर रक्ताचा डाग दिसला तेव्हा रूममेटने हाताला धरून एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, नेलं. डॉक्टरने कानात बघितलं, पडद्याला भोक, आतून लालभडक. कधीपासून, गोळ्या कुठल्या, कुणी दिल्या, सगळं बाहेर आलं. डॉक्टर ओरडला नाही. एवढंच म्हणाला की पहिल्या दिवशी आला असतास तर चार-पाच दिवसांत परत पाठवला असता.

मग इन्स्ट्रक्टरला कळलं. तो माणूस चांगला होता, पण त्यानंतर मी 'येस सर, अंडरस्टुड' म्हटलं की तो दोन सेकंद माझ्याकडे बघायचा. ते दोन सेकंद मला कोर्स संपेपर्यंत पुरले.

आता दुसरा भाग, त्याने अजूनही डोकं फिरतं. कान तीन आठवड्यांत बरा झाला, ईएनटीने लिहून दिलं. पण परत उडायला फिट असा कागद लागतो आणि तो एका ऑफिसातून फिरून यायचा होता. कुठलं ते सांगणार नाही, तिथली माणसं बदलली असतील. पहिल्यांदा कागद परत, कारण एका फॉर्मवर डावा कान आणि दुसऱ्यावर उजवा. दुरुस्त करून दिला, दुसऱ्यांदा परत, सहीखाली तारीख नाही. तिसऱ्यांदा गेलो तर क्लार्क मान वर न करता म्हणाला, फाइल वर गेलीय. बैठं कौलारू ऑफिस ते, वर फक्त पारवे होते. मी रोज लंच टाइमला जाऊन बाहेरच्या बाकावर बसायचो, डोक्यावरून माझ्याच कोर्सची विमानं जायची. तीन आठवड्यांच्या कानाला अडीच महिने लागले. तोपर्यंत इतक्या सॉर्टी मागे पडलो की खालच्या टर्ममध्ये टाकलं. सहा महिने सिनिऑरिटी गेली ती गेली, माझे कोर्समेट कायम माझ्या पुढे. त्यांच्या विंग्ज (पायलटचा बिल्ला) लागल्या त्या परेडला मी खालच्या टर्मबरोबर उभा होतो. गावात बॅनर तसाच होता, चुकीच्या महिन्याचा. काढायला कुणी तयार होईना म्हणून शेवटी पावसानेच धुतला.

म्हणून कुठलाही मेडिकल कागद पुढे जाण्याआधी स्वतः वाच. बाजू, तारीख, सही, नावाचं स्पेलिंग. प्रत काढून ठेव. हे तुला कुठल्याच ब्रीफिंगमध्ये सांगणार नाहीत.

गोळ्यांबद्दल. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते, न जाणवता येते. ते थेंबसुद्धा तीन-चार दिवसांपेक्षा जास्त टाकलेस तर नाक उलट जास्त चोंदतं. उडणाऱ्या माणसाला काय चालतं हे तिकडच्या डॉक्टरला माहीत असतं, मेडिकलवाल्याला नाही. ती स्ट्रिप फेकू नकोस, तशीच नेऊन दाखव. काढ्याचंही सांग, हसला तर हसला. आणि अजून एक, तू लिहिलंयस की मित्रांबरोबर तारकर्लीला जाणार होतास. सर्दीत स्कूबा अजिबात नको, तोच कान आणि तोच प्रकार. आणि एरवीसुद्धा स्कूबा केल्यावर निदान २४ तास उडायचं नसतं, रक्तात नायट्रोजन विरघळलेला असतो, वर गेलं की त्याचे बुडबुडे होतात. तुमच्याकडे नियम यापेक्षा कडक असेल तर तो पाळ.

सुट्टीत करण्यासारखं म्हणशील तर चेअर फ्लाइंग, म्हणजे खुर्चीत बसून उडण्याचा सराव. मी ओटीवर खुर्ची टाकून, गुडघ्यात लाटणं धरून अख्खं सर्किट म्हणायचो, तोंडाने सगळे चेक्स. आई आतून यायची, "रे झिला, लाटणां दी हय, चपात्यो करूच्यो आसत." डाउनविंडला, म्हणजे सर्किटच्या मध्यातच, लाटणं गेलं की फोर्स्ड लँडिंग. हसू नकोस, त्याने सोलो (एकट्याने पहिलं उड्डाण) आठवडाभर लवकर झाला असता, म्हणजे कान नसता गेला तर.

स्क्वाड्रनचं (ट्रेनिंगनंतर नेमणूक होते त्या युनिटचं) तू विचारलंयस पण ते आत्तापासून कशाला, आधी विंग्ज लागू देत. तरी एक सांगतो. मी हकिमपेटला चेतक हेलिकॉप्टर शिकलो, ते डिझाइन वयाने माझ्या बापाच्या बरोबरीचं, पण काय मशीन! तिथून स्क्वाड्रनमध्ये गेल्यावर तू सगळ्यात ज्युनियर, क्रू रूमचा चहा, नकाशे, रोस्टर, पार्टीची वर्गणी सगळं तुझ्या गळ्यात, ते हसत कर. पण एफ-७०० वर (मशीनच्या नोंदवहीवर) सही करायच्या आधी मागच्या काही दिवसांचे स्नॅग, म्हणजे बिघाडाच्या नोंदी, वाच, नुसती आजची ओळ बघून सही ठोकू नकोस. आणि लाइनवरच्या जुन्या सार्जंटला विचार, आज हिचा आवाज कसा वाटतोय. मला एकाने असंच थांबवलं होतं, तो किस्सा इथे नको. विचारायला लाज वाटणारे पायलट मी बरेच पाहिले, त्यात मी पहिला, म्हणून बोलतो.

तुझ्या चुलत भावाबद्दलही तू विचारलंयस. नेव्ही डे ४ डिसेंबर २०२३ ला तारकर्लीच्या किनाऱ्यावर झाला तेव्हापासून मालवणात प्रत्येक दुसऱ्या पोराला पायलट व्हायचंय, चांगलंच आहे. त्याला एवढंच सांग की ती पायलट सिलेक्शनची मशीनवरची टेस्ट आयुष्यात एकदाच देता येते, नापास झालास की फ्लाइंगचं दार बंद, ग्राउंड ड्युटी चालते. तेव्हा बघू तरी कसं असतं म्हणून बसायचं नाही. बारावीला गणित-फिजिक्स नसेल तर पुढचं बोलायलाच नको. आणि क्लासला पैसे भरण्याआधी पायाची लांबी मोजून घे म्हणावं, आमच्या शेजारचा पोरगा सगळं पास होऊन तिथे अडकला.

बाकी परत जाताना गाडीत एसीच्या झोताखाली झोपू नकोस. रविवारी हजर हो, सोमवारी दाखव, आणि इन्स्ट्रक्टरलाही त्याच दिवशी स्वतः सांग, त्याला फळ्यावर नाव खोडलेलं बघून कळायला नको. डॉक्टर काय म्हणाला ते इथे लिही, वार आणि कोर्स नंबर न घालता. आणि तुमच्याकडे चढणीचे मासे मिळाले का? आमचा व्हाळ यंदा अजून कोरडाच आहे.