"तुला कोणी विचारलंय का?"

पत्र

ताई, माझं वय ५४. मुलगी २७ वर्षांची आहे, नोकरी करते. गेल्या महिन्यात ती घरी आली ती उदास होऊनच. तिच्या मागून आलेल्या एका मुलाला वरची जागा मिळाली, कारण तो मीटिंगमध्ये बोलतो आणि ही गप्प बसते. मी सहज म्हणाले, "मग तोंड उघडायचं ना! न बोलणाऱ्याचं कोण ऐकणार?" ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "तोंड बंद ठेवायला तूच शिकवलंस, आई. मी नऊ वर्षांची होते. पाहुणे बसले होते. मी काहीतरी सांगायला लागले आणि तू म्हणालीस, तुला कोणी विचारलंय का? सगळे हसले."

ताई, मला यातलं काहीही आठवत नाही. मी तिच्यावर कधी हात उगारला नाही, तिला काही कमी पडू दिलं नाही. तिचे बाबा म्हणतात, जुनी मढी कशाला उकरायची. पण मला झोप लागत नाही. जे आठवतच नाही त्याची माफी कशी मागायची? आणि एका वाक्याने खरंच आयुष्य बदलतं का?

– एक आई

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच जागी थांबले: "सगळे हसले." मुलीने तुम्हाला वाक्य सांगितलं, वय सांगितलं, पाहुणे होते हे सांगितलं आणि सगळ्यात शेवटी हे दोन शब्द. मला वाटतं, काटा तिथे रुतलाय. घरात आई रागावली तर मूल रडतं आणि थोड्या वेळाने तिच्याच कुशीत शिरतं. पण चारचौघांत, काहीतरी सांगायच्या उत्साहात असताना, आपलं हक्काचं माणूस आपल्याला गप्प करतं आणि बाकीचे हसतात, तेव्हा त्या मुलाने जायचं कोणाकडे?

तुम्हाला ते आठवत नाही याचं मला नवल वाटत नाही. तुमच्यासाठी ती गडबडीची एक संध्याकाळ होती. हातात दहा कामं, समोर माणसं, मध्येच पोरीची बडबड. तोंडातून निघालं आणि तुम्ही पुढच्या कामाला लागलात. तिचं मन मात्र त्या क्षणी हादरलं, आणि हादरलेलं मन तो क्षण कोरून ठेवतं. बोललेलं विसरायची सवलत बोलणाऱ्याला असते, ऐकणाऱ्याला नसते.

तुमच्या पत्रात एक प्रश्न आहे जो तुम्ही लिहिलेला नाही, पण ओळींच्या मधून तो मला दिसला. ती म्हणते तसंच घडलं कशावरून? हा प्रश्न मनात येण्यात काही वाईट नाही, म्हणून त्याबद्दल मोकळेपणाने लिहिते.

१९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची छोटी फिल्म दाखवली. नंतर काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना धडकल्या तेव्हा त्यांचा वेग किती होता? काहींना तोच प्रश्न विचारला, फक्त 'धडकल्या'च्या जागी चक्काचूर सुचवणारं क्रियापद घातलं. आठवड्याने सगळ्यांना विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? फिल्ममध्ये काच फुटलेली नव्हतीच. साधं क्रियापद ऐकलेल्या ५० जणांपैकी ७ जण 'हो' म्हणाले, जहाल क्रियापद ऐकलेल्या ५० जणांपैकी १६. प्रश्नातल्या एका शब्दाने माणसांच्या आठवणीतली काच फोडली.

तेव्हा तुमच्या मुलीच्या आठवणीतही काही सरमिसळ झालेली असू शकेल. सगळे हसले नसतील, दोघंच हसले असतील. तीन वेगवेगळे प्रसंग एकात विणले गेले असतील. पण हा शोध तुम्हाला कुठे नेणार? अठरा वर्षं ती ज्या वाक्यासोबत राहिली ते तिने ऐकलेलं वाक्य आहे. तुमची आठवण रिकामी आहे आणि रिकाम्या आठवणीला साक्षीला बोलावता येत नाही. शिवाय शब्दांनी आठवण हलते हे खरं असेल, तर "असं झालंच नव्हतं, तुला उगाच वाटतंय" हे तुमचे शब्दही तिच्या आत जाऊन काहीतरी हलवतील. आधी तिचा आवाज गेला, आता स्वतःच्या मनावरचा विश्वासही जाईल. हे तेवढं करू नका, ही कळकळीची विनंती आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न. एका वाक्याने आयुष्य बदलतं का? सुटं वाक्य सहसा एवढं करत नाही. पण तेच वाक्य पुन्हा पुन्हा कानावर पडलं, आणि मूल स्वतःच ते स्वतःला ऐकवू लागलं, की बदलतं.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात १९३९ मध्ये एक प्रयोग झाला. त्याबद्दल वाचलं की अजूनही माझ्या पोटात कालवतं. वेंडेल जॉन्सन या प्राध्यापकाच्या देखरेखीखाली मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीने एका अनाथाश्रमातल्या २२ मुलांवर तो केला. त्यातली सहा मुलं अगदी नीट बोलणारी होती. त्यांना काही महिने मुद्दाम सांगत राहिले, तुमच्या बोलण्यात तोतरेपणाची लक्षणं दिसताहेत, नीट बोलता येणार नसेल तर बोलूच नका. ती मुलं तोतरी झाली असं म्हणता येत नाही. तोतरेपणा आईबापांच्या बोलण्यामुळे होत नाही, त्यात आनुवंशिकतेचा आणि मेंदूच्या घडणीचा मोठा वाटा असतो, हे आता कळलेलं आहे. (हे मुद्दाम लिहिते, कारण तोतऱ्या मुलांच्या आया स्वतःला विनाकारण दोष देत बसतात.) पण ती मुलं बोलायला कचरू लागली. मोजकं बोलू लागली, तोंड उघडण्याआधीच चुकीला घाबरू लागली. ट्यूडर नंतर स्वतःहून त्या अनाथाश्रमात परत गेली. तुमचं बोलणं चांगलं आहे, असं मुलांना समजावू लागली. पण आधी बसलेला ठसा तेवढ्याने पुसला गेला नाही. जॉन्सन जिथे शिकवत, त्या आयोवा विद्यापीठाने जाहीर माफी मागितली ती २००१ मध्ये. तोवर ती मुलं म्हातारी झाली होती.

तुम्हाला घाबरवायला हे सांगत नाही. तुम्ही कोणावर प्रयोग केला नाहीत, तुम्ही थकलेली आई होतात. पण या गोष्टीतल्या दोन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. एक, मुलांना गप्प करायला शिवी लागत नाही, साधं, रोजचं वाक्य पुरतं. दुसरी, दोन-चार भेटींत ते निघत नाही. जे हळूहळू बसलं ते हळूहळूच उठणार.

म्हणून स्वतःला प्रामाणिकपणे विचारा, "तुला कोणी विचारलंय का" हे तुमच्या घरात एकदाच ऐकू आलं होतं का? तुम्ही लहान असताना ते तुम्हाला कोण म्हणायचं? मला दाट शंका आहे की ते वाक्य तुमचं नव्हतंच. ते तुमच्याकडे चालत आलं आणि तुम्ही ते तसंच पुढे दिलंत. मुली फार बोलायला लागल्या की असंख्य घरांमधून हे वाक्य निघतं, आणि त्याला कोणी रागावणंसुद्धा म्हणत नाही. फक्त हा शोध तुमच्या स्वतःच्या समजुतीसाठी ठेवा. मुलीसमोर "माझी आईपण मला असंच म्हणायची" असं सुरू केलंत, तर तिचं दुःख बाजूला राहील आणि तिला तुमचे डोळे पुसावे लागतील. ते पुढे कधीतरी सांगता येईल, तिने विचारलं तर.

माझ्या वडिलांनी माझ्याबद्दल एक वाक्य कोणालातरी सांगताना मी दाराआडून ऐकलं होतं. ते काय होतं ते इथे लिहिण्याची गरज नाही. तीस वर्षांनी, काही निमित्त नसताना, ते म्हणाले, "तेव्हा तुझ्याबद्दल तसं बोललो ते चुकलंच माझं." मला वाटलं होतं, हे ऐकलं की मी हलकी होईन. झालं उलटंच. मला संताप आला. इतकं सोपं होतं तर इतकी वर्षं का लावलीत, असं काहीतरी मी बोलले आणि उठून गेले. त्यांनी मला अडवलं नाही, स्वतःची बाजू मांडली नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी हाक मारली. माझा राग निवळायला बरेच महिने लागले. पण निवळला तो त्या हाकेमुळे, हे मला आज कळतं.

हे सांगण्याचं कारण एवढंच की तुमची मुलगी माफी ऐकून गळ्यात पडेल अशी अपेक्षा धरू नका. ती चिडेल, आणखी चार जुन्या गोष्टी काढेल, किंवा "जाऊ दे आई" म्हणून विषय बदलेल. काहीही झालं तरी तुमची माफी वाया गेली असं समजू नका.

बोलायला जाण्याआधी थोडं लिहा. मुलीला द्यायला नको, स्वतःसाठीच. १९८६ मध्ये जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनात दडपून ठेवलेल्या दुखऱ्या अनुभवांवर लिहिलं. लिहून होताच त्यांना जास्तच उदास वाटलं, पण नंतरच्या महिन्यांत, घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. तुमच्या मनात आत्ता अपराधीपणा आहे, आणि त्याच्याखाली रागही आहे. एवढं करून हेच ऐकायचं का, हा राग. तो असणारच. तो कागदावर उतरू द्या, म्हणजे मुलीशी बोलताना मध्येच उसळून वर येणार नाही. "मी तुला काही कमी पडू दिलं नाही" हे वाक्यसुद्धा त्याच कागदावर सोडून या. ते खरं आहे. पण त्या दिवशी ते तिला पावतीसारखं वाटेल.

मग बोला. फोनवर नको, मेसेजमध्ये तर नकोच. समोरासमोर बसून डोळ्यांत डोळे घालूनही नको, अशाने दोघींना अवघडल्यासारखं होतं. शेजारी शेजारी चालताना किंवा काहीतरी काम करताना बोला. शब्द तुमचेच हवेत, पण वळण साधारण असं असू द्या: "त्या दिवशीचं तू सांगितलंस ते मला आठवत नाही. तू सांगतेस म्हणजे ते झालं. मी तुला सगळ्यांसमोर गप्प केलं, ती माझी चूक होती. तू नऊ वर्षांची होतीस, काहीतरी सांगत होतीस. तुझं काहीच चुकलं नव्हतं."

'आठवत नाही' हे एकदाच म्हणा, पुन्हा पुन्हा नको, नाहीतर ती पळवाट वाटते. 'पण' हा शब्द टाळा. "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी" हे तर अजिबात नको, कारण त्यात चूक तिच्या वाटण्याची होते. आणि शेवटचं वाक्य काहीही झालं तरी गाळू नका. आईने गप्प केलं की मूल आईला चूक ठरवत नाही, स्वतःला ठरवतं. आपण सांगत होतो ते ऐकण्यासारखं नव्हतं, अशी त्या मुलीची तेव्हा समजूत झाली. ती समजूत आजही तिच्यासोबत मीटिंगमध्ये जाऊन बसते.

एवढं बोलून झालं की थांबा. ती लगेच बोलणार नाही, आणि ती शांतता तुम्हाला सोसणार नाही. सोसा.

खरी दुरुस्ती त्यानंतरची आहे आणि मला तिची जास्त आशा वाटते. जखम चारचौघांत झाली, मग मलमही चारचौघांत लागू दे. सगळ्यांना जमवून जाहीर माफी मागा, असं मी म्हणत नाही. तिला ते नकोसं होईल. पण पुढे कधी माणसं जमतील, ती काहीतरी सांगायला लागेल आणि कोणीतरी मोठ्या आवाजाचं माणूस नेहमीप्रमाणे तिचं बोलणं तोडेल. तेव्हा तुम्ही म्हणा, "थांबा, ती बोलतेय." आणि तिच्याकडे वळून, "हं, मग काय झालं?" बस. तिच्या बाबांनाही हे सांगून ठेवा. मढी उकरू नयेत असं त्यांना वाटत असेल तर हरकत नाही, यात उकरायचं काहीच नाही. घरी दोघीच असतानाही तिला विचारा आणि ऐका. सल्ला देऊ नका, तिचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. "मग तोंड उघडायचं ना" या तुमच्या वाक्यात काळजी होती, मला ती कळते. पण तिच्या कानांना ते अठरा वर्षांपूर्वीच्या वाक्याचं भावंडच वाटलं.

नोकरीतल्या नुकसानाचा सगळा भार मात्र स्वतःच्या डोक्यावर घेऊ नका. मधल्या वर्षांत तिला शिक्षक भेटले, मित्रमैत्रिणी भेटल्या, साहेब भेटले. तिच्या गप्प राहण्यात त्यांचाही हात असेल, आणि तिचा मूळचा स्वभावही. चारचौघांत बोलताना तिची छाती धडधडत असेल, घाम फुटत असेल, त्या भीतीने ती संधी सोडून देत असेल, तर समुपदेशकाची चांगली मदत होते. पण हे तिला तुम्ही आत्ता सुचवू नका. आत्ता ते तुमच्या तोंडून "तुझ्यातच काहीतरी बिघाड आहे" असं ऐकू येईल. आधी थोडे महिने नुसत्या ऐका.

आणि एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटलेली दिसते. त्या दिवशी ती बोलली. अठरा वर्षं आत ठेवलेलं तिने आणखी कोणाला नाही, तुम्हाला सांगितलं. कोणी विचारलेलं नसताना सांगितलं. ज्या माणसाकडून काहीच आशा उरलेली नसते त्याला कोणी असं सांगत नाही.

ती पुन्हा घरी येईल तेव्हा बोला. ती काय म्हणाली ते मला कळवा. काहीच म्हणाली नाही, तरी कळवा.

तुमची,
ताई