सामाजिक प्रश्नावर जागृती करणारा स्टुडंट प्रोजेक्ट करायचाय, सुरुवात कुठून करायची?

तुमचा प्रश्न वाचला. पाच जणांचा ग्रुप, सहा आठवडे, फोन सोडून दुसरा कॅमेरा नाही, सरांनी एवढंच सांगितलंय की सामाजिक प्रश्नावर जागृती होईल असं काहीतरी करा, आणि तुमचं अजून व्यसन, प्रदूषण की महिलांची सुरक्षितता यावरच अडलंय. मी शिकत असताना असे तीन प्रोजेक्ट केलेत आणि नंतर बरीच वर्षं मुलांच्या प्रोजेक्टना मदत करत आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. लांब होईल, पण तुमचे सहा आठवडे वाचतील.

आधी हे की ते तिन्ही अजून विषय झालेलेच नाहीत, ती नुसती गठ्ठ्यांची नावं आहेत. "प्रदूषणावर व्हिडिओ" असं ठरवलं की पुढचं सगळं आपोआप तेच ते येतं, धुराचे शॉट, मागे उदास पियानो, काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरात आकडे आणि शेवटी "चला, बदल घडवूया". बघणारा मान डोलावतो आणि पुढचा व्हिडिओ लावतो, कारण प्रदूषण वाईट असतं हे त्याला तुमच्या आधीपासून माहीत होतं.

आमचा पहिला प्रोजेक्ट दारूवर होता. सहा मिनिटांची फिल्म, त्यात फुटलेली बाटली, रडणारी बायको, शेवटी पांढऱ्या चादरीखाली झाकलेला माणूस. हॉलमध्ये दाखवली, टाळ्या पडल्या, मार्कही चांगले मिळाले. नंतर खुर्च्या उचलताना पहिल्या वर्षाचा एक मुलगा थांबला आणि म्हणाला, दादा, माझे बाबा रोज पितात, दारू वाईट आहे ते मला माहितीये, पण ते रात्री पिऊन घरी आले की मी काय करायचं ते यात नव्हतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या फिल्ममध्ये त्याच्यासाठी एक सेकंदसुद्धा नव्हता आणि खरं तर अख्ख्या हॉलमध्ये तिची सगळ्यात जास्त गरज त्यालाच होती.

त्यानंतर आम्ही तोच विषय परत केला, पण फक्त अशा मुलांसाठी. एका समुपदेशक बाईंशी तीनदा बसून बोललो, पिऊन आलेल्या माणसाशी त्या वेळी वाद का घालू नये, घरात कुठे जाऊन थांबायचं, कोणत्या मोठ्या माणसाला आधीच सांगून ठेवायचं, आणि हा तुझा दोष नाही हे कुणीतरी त्या मुलाला स्पष्ट सांगणं. चार मिनिटांचा नुसता ऑडिओ केला, चित्र नाहीच, म्हणजे कानात हेडफोन घालून कुणाला न कळता ऐकता येईल. त्याला टाळ्या मिळाल्या नाहीत, पण पुढच्या दोन आठवड्यांत तिघं जण स्वतःहून त्या बाईंकडे गेले. मी आजही सगळ्यांना हीच कसोटी सांगतो, हे कुणी बघायचं आणि बघून झाल्यावर त्याने नेमकं काय करायचं, हे एका वाक्यात लिहा. त्या वाक्यात "लोकांनी" आणि "जागरूक व्हावं" हे शब्द आले तर वाक्य खोडा, परत लिहा. पहिला आठवडा यात गेला तरी चालेल.

तुमच्या यादीतलंच घ्या. "महिलांची सुरक्षितता" याऐवजी "बसमध्ये शेजारच्या मुलीला कुणी त्रास देतोय असं दिसलं तर उभ्या असलेल्या माणसाने पहिल्या अर्ध्या मिनिटात काय करावं". तिला "पुढचा स्टॉप कुठला हो?" असं विचारून मध्ये येणं, कंडक्टरला हाक मारणं, नंतर तिला विचारणं की तू ठीक आहेस का. यावर तीन मिनिटांचा उत्तम व्हिडिओ होतो आणि तो बघितलेला माणूस उद्या बसमध्ये काहीतरी वेगळं करू शकतो.

आता एक चूक जी जवळजवळ प्रत्येक ग्रुप करतो, प्रश्न किती मोठा आहे हे सांगण्याच्या भरात "सगळेच असं करतात" हे ठसवणं. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये पेट्रिफाइड फॉरेस्ट नावाचं नॅशनल पार्क आहे, तिथे कोट्यवधी वर्षांपूर्वी दगड झालेल्या लाकडाचे तुकडे पडलेले असतात आणि लोक ते खिशात घालून नेतात. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे खुणा केलेले तुकडे ठेवले आणि दोन प्रकारच्या पाट्या लावून बघितल्या. आजवर खूप लोकांनी लाकूड उचलून नेलंय असं सांगणारी पाटी होती तेव्हा जवळपास 8 टक्के तुकडे चोरीला गेले, आणि कृपया नेऊ नका एवढंच सांगणारी पाटी होती तेव्हा 2 टक्क्यांपेक्षाही कमी. म्हणजे चोरीबद्दल हळहळ व्यक्त करणाऱ्या पाटीनेच सांगितलं की नेतात सगळे, तूही ने. परीक्षेतल्या कॉपीवर, कचऱ्यावर, हेल्मेटवर काही करणार असाल तर स्क्रिप्ट हातात घेऊन हे एकदा तपासाच. जे नीट वागतात ते दाखवा, आणि ते खरंच आहेत म्हणून दाखवा, खोटं चित्र उभं करू नका.

आकड्यांचंही तसंच. 2007 मध्ये डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोविक यांचा एक अभ्यास आला, त्यात लोकांना मदतीसाठी पैसे देता येत होते. एकाच मुलीची गोष्ट सांगितली तेव्हा लोकांनी जास्त दिले, लाखोंच्या उपासमारीचे आकडे सांगितले तेव्हा कमी, आणि त्या मुलीच्या गोष्टीला आकडे जोडले तेव्हाही नुसत्या गोष्टीपेक्षा कमीच. म्हणून माझं मत, एक माणूस, एक दिवस, एक जागा. आकडा द्यायचाच तर एकच द्या आणि तो कुठून आला ते तुमच्या फाईलमध्ये लिहून ठेवा, व्हॉट्सॲपवर फिरणारा आकडा तर अजिबात नको.

पण एक माणूस म्हटलं की त्याची जबाबदारी आपल्यावर येते आणि इथे मला सगळ्यात जास्त बोलायचंय. माझ्या आणखी एका प्रोजेक्टमध्ये घरात मारहाण सोसलेल्या एका ताईंची मुलाखत घेतली होती. चेहरा ब्लर केला, नाव बदललं, आम्हाला वाटलं झालं काम. व्हिडिओ फिरत फिरत त्यांच्या शेजारपर्यंत पोचला आणि आवाजावरून आणि मागच्या दारावरून लोकांनी त्यांना ओळखलं. त्यांना त्यानंतर जे ऐकून घ्यावं लागलं ते आमच्यामुळे. आम्ही व्हिडिओ काढला, माफी मागितली, पण एकदा पसरलेलं परत येत नाही. तेव्हापासून माझा नियम असा की ओळख लपवायची असेल तर नंतर ब्लर करायचंच नाही, मुळात चेहरा शूट करायचा नाही. हात, सावली, रिकामी खुर्ची, आणि आवाज दुसऱ्या कुणीतरी वाचलेला. घर, गणवेश, बांगडी, गोंदण, गाडीचा नंबर यातलं काही फ्रेममध्ये येतंय का बघा, आणि फोनच्या फोटोमध्ये जागेची माहिती आपोआप साठवली जाते, ती सेटिंगमधून आधीच बंद करा.

कन्सेंट फॉर्म, म्हणजे संमतीपत्र, हा नुसता सहीचा कागद एवढंच समजू नका. त्यांना कळेल अशा भाषेत सांगा की हे कुठे दिसेल, कोण बघेल, नेटवर टाकलं तर कुणीही डाउनलोड करू शकतं, आणि प्रसिद्ध व्हायच्या आधी कधीही नको म्हणालात तर आम्ही कारण विचारणार नाही. लहान मुलं असतील तर पालकांची परवानगी लागतेच पण मुलाला स्वतःलाही विचारा, आणि अत्याचार झालेल्या मुलाची ओळख कुठल्याही परिस्थितीत नाही, पालक हो म्हणाले तरी नाही.

याच्याही एक पाऊल पुढे जाता येतं. 1967 मध्ये कॅनडात न्यूफाउंडलँडजवळच्या फोगो बेटावरच्या कोळ्यांना सरकार तिथून हलवायच्या विचारात होतं. नॅशनल फिल्म बोर्ड या तिथल्या सरकारी फिल्म संस्थेचे दिग्दर्शक कॉलिन लो तिथे गेले आणि एक मोठी डॉक्युमेंटरी करण्याऐवजी त्यांनी छोट्या छोट्या फिल्म केल्या, कुणी बोलतोय, कुणी काम करतोय, आणि त्या आधी बेटावरच्याच लोकांना दाखवल्या, त्यांची हरकत नाही हे बघून मगच बाहेर. वेगवेगळ्या वस्त्यांमधल्या लोकांना एकमेकांचं म्हणणं पडद्यावर ऐकून कळलं की सगळ्यांची अडचण एकच आहे. नंतर त्या फिल्म सरकारमधल्या लोकांनी बघितल्या, बेटावर मच्छीमारांची सहकारी संस्था उभी राहिली आणि लोक तिथेच राहिले. सगळं श्रेय फिल्मला देता येणार नाही, लोक स्वतः झटले, पण प्रीमियर कुणासमोर करायचा याचं उत्तर मला तिथून मिळालं. ज्यांच्यावर केलंय त्यांच्यासमोर.

मुलाखतीबद्दल थोडंसं. "तुम्हाला कसं वाटलं?" हा प्रश्न विसरा, त्याला "वाईट वाटलं" एवढंच उत्तर येतं. "त्या दिवशी सकाळी उठल्यापासून सांगा" म्हणा आणि गप्प बसा. उत्तर संपलं असं वाटलं की मनात पाचपर्यंत मोजा, बऱ्याचदा खरी गोष्ट त्या शांततेनंतर येते. आणि तपशील लगेच लिहून ठेवा. लुईस हाइन नावाचे फोटोग्राफर 1908 पासून नॅशनल चाइल्ड लेबर कमिटी या बालमजुरीविरुद्धच्या संस्थेसाठी अमेरिकेतल्या कारखान्यांत राबणाऱ्या मुलांचे फोटो काढायचे, मुलाची उंची स्वतःच्या कोटाच्या बटणांवरून मोजायचे आणि वय, काम, तास असं सगळं टिपून ठेवायचे. फोटो खोटे म्हणणाऱ्यांना उत्तर म्हणून त्या नोंदी होत्या. तुमच्या कामावरही कुणीतरी "हे सगळं बनवलेलं आहे" म्हणेलच, तेव्हा वहीच कामी येते.

आत्महत्या किंवा स्वतःला इजा करणं हा विषय घेतलात तर जास्त जपून. पद्धत दाखवायची नाही, जागा दाखवायची नाही, "अखेर सुटका झाली" छापाची वाक्यं नाहीत. व्हिएन्नात मेट्रोतल्या आत्महत्यांच्या भडक बातम्या यायच्या, 1987 मध्ये पत्रकारांसाठी मार्गदर्शक सूचना आल्या, बातम्यांचा सूर बदलला आणि पुढच्या काही महिन्यांत तिथल्या आत्महत्या झपाट्याने घटल्या. त्या अवस्थेतून बाहेर पडलेल्या माणसाची गोष्ट सांगा आणि मदत कुठे मिळते ते शेवटी नाही, सुरुवातीलाच द्या.

तांत्रिक बाजू फोनवर सहज निभते, फक्त आवाजाकडे लक्ष द्या. चित्र थोडं हललेलं लोक चालवून घेतात, आवाज खरखरला की लगेच बंद करतात. साधा कॉलर माईक उसना मिळत असेल तर घ्या, नसेल तर दुसरा फोन बोलणाऱ्याच्या छातीजवळ खिशात रेकॉर्डिंगवर ठेवा आणि एडिटमध्ये तो आवाज जुळवा, सुरुवातीला एक टाळी वाजवली की जुळवणं सोपं जातं. दोन्ही फोन फ्लाइट मोडवर, पंखा बंद, आणि निघताना तिथली अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा, कटच्या मध्ये लागते. फोकस आणि एक्स्पोजर (चित्राचा उजेड) लॉक करा, म्हणजे मध्येच बदलणार नाही. सबटायटल हवेतच, खूप जण आवाज बंद ठेवून बघतात आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांनाही बघता आलं पाहिजे. आणि व्हिडिओच केला पाहिजे असं कुठे आहे, ऑडिओ, दहा फोटोंची मालिका किंवा संडासाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावलेलं एक पोस्टरसुद्धा प्रोजेक्टच आहे. ज्याच्यासाठी करताय तो एकटा आणि निवांत कुठे सापडतो त्यावरून ठरवा.

वेळेचं म्हणाल तर पहिला आठवडा ते एक वाक्य आणि लोकांना भेटणं, कॅमेरा न काढता. दुसरा परत भेटणं आणि कागदावर क्रम लावणं. तिसरा शूट, चौथा रफ कट, म्हणजे पहिलं कच्चं एडिट. पाचव्यात तो रफ कट ज्यांच्यावर आहे त्यांना दाखवा, आणि ज्यांच्यासाठी आहे अशा पाच अनोळखी जणांनाही. "आवडलं का?" विचारू नका, "आता तुम्ही काय कराल?" एवढंच विचारा. पाचपैकी तिघांचं उत्तर तुमच्या त्या एका वाक्याशी जुळलं नाही तर सहावा आठवडा परत कापायला लागणार आहे, म्हणून त्या आठवड्यात दुसरं काहीही ठेवू नका, आणि सबमिशनची तारीख पुढे ढकलता येते का ते सरांना आजच विचारून ठेवा.