लिनक्स गेस्ट हलवताना आणि क्लोन करताना येणाऱ्या अडचणी

आपण दोन अडचणी मांडल्या आहेत. व्हीएमवेअरवरून केव्हीएमवर (आभासी यंत्रे चालवणाऱ्या दोन प्रणाली) आणलेला रॉकी लिनक्सचा गेस्ट, म्हणजे आभासी यंत्र, सुरू होताना ड्रॅकटच्या (बूट प्रतिमा बनवणारे साधन) आपत्कालीन शेलमध्ये अडकतो, आणि उबुंटू सर्व्हरच्या एकाच टेम्पलेटपासून (नमुना यंत्रापासून) केलेल्या दोन क्लोनना (हुबेहूब प्रतींना) एकच आयपी पत्ता मिळतो. माझ्या मते दोन्हींचे मूळ एकच आहे: गेस्टने जुन्या यंत्राच्या खुणा स्वतःच्या डिस्कवर जपून ठेवलेल्या असतात आणि हलवण्यापूर्वी त्या कोणी पुसत नाही.

पहिल्या अडचणीत त्या शेलमध्ये प्रथम डिस्कची यादी दाखवणारा ‘बीएलकेआयडी’ हा आदेश देऊन पाहावा. एकही डिस्क दिसली नाही, तर ड्रायव्हर लोड झालेला नाही असे समजावे. केव्हीएमच्या आभासी डिस्क व नेटवर्क कार्डासाठीचे व्हर्टआयओ ड्रायव्हर 2008 सालच्या 2.6.24 पासून कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) आहेत, त्यामुळे ते नव्याने मिळवण्याची गरज नसते. मात्र ड्रॅकट सहसा ज्या यंत्रावर चालतो त्या यंत्राला लागणारेच ड्रायव्हर बूट प्रतिमेत (यंत्र सुरू होताना आधी लोड होणाऱ्या फाइलमध्ये) भरतो, आणि आपली प्रतिमा तयार झाली तेव्हा समोर व्हीएमवेअरचा डिस्क कंट्रोलर होता. ग्रब या बूट मेनूच्या यादीत तळाशी असलेली रेस्क्यू नोंद निवडावी. तिच्या प्रतिमेत सर्वसाधारण ड्रायव्हर असल्याने गेस्ट बहुतेक वेळा सुरू होतो. त्यानंतर ‘रीजनरेट ऑल’ आणि ‘फोर्स’ हे पर्याय देऊन ड्रॅकट चालवावा. हे काम कन्सोलवरूनच करावे, कारण नेटवर्क कार्डाचे ‘ईएनएस 192’ हे नाव बदलून ‘ईएनपी1एस0’ असे काही होते आणि जुन्या नावाला बांधलेली नेटवर्क मॅनेजरची (नेटवर्क सांभाळणाऱ्या सेवेची) जोडणी लागूच होत नाही. जुना सर्व्हर अजून चालू असेल, तर व्हर्टआयओ ड्रायव्हर घालून प्रतिमा तिथेच तयार करणे आणि मग डिस्क हलवणे हा अधिक चांगला मार्ग आहे.

क्लोनची अडचण अधिक फसवी आहे. माझ्याकडे असे घडले तेव्हा एसएसएचने (दुरून लॉगिन करण्याच्या सोयीने) जोडलेले सत्र मधूनच गोठत असे, आणि पुन्हा जोडल्यावर प्रॉम्प्टवर कधी एका क्लोनचे तर कधी दुसऱ्याचे नाव दिसत असे. दोन्हींचे मॅक पत्ते (नेटवर्क कार्डांचे क्रमांक) वेगळे होते, म्हणून मी बराच वेळ स्विचकडेच संशयाने पाहत राहिलो. प्रत्यक्षात उबुंटू सर्व्हरवर नेटवर्क सांभाळणारा सिस्टमडी डीएचसीपीला (आयपी पत्ते वाटणाऱ्या सेवेला) मॅक पत्त्याऐवजी मशीन-आयडीवरून (यंत्राच्या स्वतःच्या ओळख क्रमांकावरून) काढलेली ओळख सांगतो आणि क्लोनमध्ये हा 32 अक्षरी आयडी जसाच्या तसा उतरतो. म्हणून टेम्पलेट बंद करण्यापूर्वी ‘इटीसी’मधील मशीन-आयडी फाइल रिकामी करावी, पण ती काढून टाकू नये, रिकामी फाइल दिसली की पहिल्या बूटला नवा आयडी तयार होतो. डीबसच्या (प्रोग्रामांमधील संदेशव्यवस्थेच्या) फोल्डरमध्ये त्याची स्वतंत्र प्रत असल्यास तिथे मूळ फाइलची लिंक ठेवावी. एसएसएचच्या होस्ट किल्ल्याही (सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या फाइली) पुसाव्यात, अन्यथा सर्व क्लोन एकाच किल्लीने स्वतःची ओळख देतील, आणि हा सुरक्षेचा गंभीर दोष आहे. रॉकीमध्ये सेवा सुरू होताना नव्या किल्ल्या आपोआप बनतात. उबुंटूमध्ये त्या क्लाउड-इनिटकडून (पहिल्या बूटला यंत्राची मांडणी करणाऱ्या साधनाकडून) किंवा ओपनएसएसएच सर्व्हरचे पॅकेज पुन्हा कॉन्फिगर करून बनवाव्या लागतात.

घड्याळाकडेही लक्ष द्यावे. स्थगित केलेला गेस्ट पुन्हा चालू केल्यावर मागे पडू शकतो, आणि क्रोनी या वेळ जुळवणाऱ्या सेवेच्या नेहमीच्या मांडणीत वेळ एकदम सरकवण्याची मुभा केवळ पहिल्या तीन दुरुस्त्यांपुरती असते. त्यानंतर तो घड्याळाचा वेग जास्तीत जास्त एक-द्वादशांशाने वाढवतो, म्हणजे एका तासाची चूक भरून निघायला 12 तास लागू शकतात. वारंवार स्थगित होणाऱ्या गेस्टवर ‘मेकस्टेप’ या (वेळ एकदम सरकवण्याच्या) सेटिंगची मर्यादा उणे 1, म्हणजे अमर्याद, ठेवावी, डेटाबेस असलेल्या गेस्टवर मात्र वेळेची अशी उडी चालेल का, हे आधी तपासावे.

शेवटी, ओपन-व्हीएम-टूल्स (व्हीएमवेअरसाठीची साधने) काढून क्यूईएमयू गेस्ट एजंट (केव्हीएमसाठीचे तसेच साधन) बसवावा. नुसते पॅकेज पुरत नाही. गेस्टच्या व्याख्येत त्याच्यासाठी व्हर्टआयओ सिरियल चॅनेलही जोडावा लागतो. एजंट चालू असेल, तरच स्नॅपशॉटच्या क्षणी फाइल सिस्टम गोठवता येते. अन्यथा मिळणारी प्रत अचानक वीज गेलेल्या यंत्राच्या डिस्कसारखी असते.