ताऱ्यांतील विक्रिया डोंगराखाली का मोजतात?

प्रश्न : सूर्याच्या गाभ्याचे तापमान सुमारे दीड कोटी अंश असते. मग तेथील अणुकेंद्रीय विक्रियांच्या अभ्यासासाठी शास्त्रज्ञ लहान कणवेगवर्धक का वापरतात, आणि ते जमिनीखाली खोल का बसवतात?

उत्तर : दीड कोटी अंश हे तापमान प्रचंड वाटते, पण अणुकेंद्रांच्या हिशेबात ते तुटपुंजे आहे. त्या तापमानाला एका कणाच्या वाट्याला सरासरी दोन किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टांहून (कणांची ऊर्जा मोजण्याचे एकक) कमी ऊर्जा येते आणि धन विद्युतभारामुळे एकमेकांना दूर लोटणाऱ्या अणुकेंद्रांना तो अडसर ओलांडायचा तर त्याच्या शेकडो पट ऊर्जा हवी. तरीही सूर्य तेवत राहतो, कारण पुंजयामिकीनुसार, म्हणजे सूक्ष्म कणांच्या वर्तनाच्या नियमांनुसार, अडसर न ओलांडताच त्यातून पलीकडे जाण्याची अत्यल्प शक्यता असते. ऊर्जा थोडी घटली तरी ही शक्यता कित्येक पटींनी घसरते. म्हणून मोठ्या यंत्राने भरपूर ऊर्जा देऊन केलेले मोजमाप सोपे असले, तरी ते ताऱ्यातील परिस्थितीचे नसते. तो आकडा गणिताने खालच्या ऊर्जेपर्यंत न्यावा लागतो, आणि मध्ये कुठे अज्ञात अनुनाद, म्हणजे विक्रियेचा वेग एकाएकी वाढवणारी विशिष्ट ऊर्जा, दडलेला असेल तर सारा हिशेब फसतो.

खालच्या ऊर्जेलाच थेट मोजायचे, तर घटना अतिशय विरळ होतात. इटलीतील ग्रान सास्सो पर्वताखालच्या प्रयोगशाळेत ‘लुना’ गटाने ५० किलोव्होल्टच्या यंत्रावर हेलियम-३ च्या दोन अणुकेंद्रांची विक्रिया मोजली, तेव्हा सर्वांत कमी, म्हणजे १६.५ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेला महिन्याला जेमतेम दोन घटना हाती आल्या. सूर्यात ही विक्रिया मुख्यतः २२ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टांच्या आसपास घडते, म्हणजे मोजमाप खरोखरच सूर्यातील ऊर्जेच्या पल्ल्यात पोहोचले होते. जमिनीवर विश्वकिरणांतून (अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांतून) सतत कोसळणाऱ्या म्युऑन या भेदक कणांच्या नोंदींत असल्या दोन घटना ओळखणे अशक्य होते. डोक्यावरचा १४०० मीटर खडक त्या म्युऑनांचा मारा सुमारे दहा लाख पटींनी कमी करतो. खुद्द खडकातील किरणोत्सर्गासाठी मात्र शिशाचे जाड कवच लागतेच, आणि लक्ष्यातील, म्हणजे ज्यावर कणांचा झोत सोडतात त्या पदार्थातील, अशुद्ध द्रव्यांवर झोत आदळून होणाऱ्या नको त्या विक्रियांवर खोल जाण्याचा काहीच इलाज नाही.

१९९९ साली जाहीर झालेल्या या निष्कर्षाला माझ्या मते फार मोल आहे. सूर्यातील विक्रियांतून बाहेर पडून आपल्याकडे येणारे न्यूट्रिनो हे अतिसूक्ष्म कण अपेक्षेच्या सुमारे एक-तृतीयांशच का सापडतात, हे कोडे अमेरिकी शास्त्रज्ञ रे डेव्हिस यांच्या होमस्टेक खाणीतील प्रयोगापासून अनुत्तरित होते, आणि या विक्रियेत अनुनाद असेल, तर सूर्यात न्यूट्रिनोच कमी बनत असतील आणि ते सुटेल अशी एक आशा होती. तसा अनुनाद सापडला नाही. दोष सूर्याच्या गणितात नसून न्यूट्रिनोंच्या स्वभावात असावा, या मताला त्यामुळे बळ मिळाले आणि पुढे कॅनडातील सडबरी येथील प्रयोगाने न्यूट्रिनो वाटेत आपला प्रकार बदलतात हे दाखवून दिले.

‘लुना’ने नंतर नायट्रोजन-१४ ने प्रोटॉन शोषून घेण्याची विक्रिया तपासली. हायड्रोजनचे हेलियम करणाऱ्या कार्बन-नायट्रोजन-ऑक्सिजन चक्रातील ही सर्वांत मंद पायरी पूर्वीच्या अंदाजाच्या निम्म्याच वेगाने होते असे आढळले, आणि तेवढ्या एका दुरुस्तीने गोलाकार तारकागुच्छांचे (जुन्या ताऱ्यांच्या दाट समूहांचे) अंदाजित वय सत्तर कोटी ते एक अब्ज वर्षांनी वाढले.

प्रश्न : मग अशा सर्व विक्रिया मोजून झाल्या आहेत का?

उत्तर : नाही. कार्बन-१२ आणि हेलियम-४ यांपासून ऑक्सिजन-१६ बनण्याची विक्रिया सर्वांत महत्त्वाची म्हणावी लागेल, कारण विश्वातील कार्बन आणि ऑक्सिजन यांचे प्रमाण बऱ्याच अंशी तीच ठरवते. ताऱ्यात ती ३०० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टांच्या आसपास घडते, आणि तेथे ती इतकी दुर्मीळ आहे की त्या ऊर्जेला थेट मोजमाप अद्याप कोणालाही साधलेले नाही. चीनमध्ये जिनपिंग येथे २४०० मीटर खडकाखाली ४०० किलोव्होल्टचा वेगवर्धक चालू आहे, तर ग्रान सास्सो येथे आता ३५ लाख व्होल्टचे यंत्र बसवले आहे. ते मुद्दाम मोठे घेतले आहे, कारण हेलियमच्या अशा विक्रियांसाठी खालच्या ऊर्जेचे विरळ आकडे आणि वरच्या ऊर्जेचे भरवशाचे आकडे एकाच यंत्रावर, कण टिपणाऱ्या एकाच उपकरणाने जोडून पाहता आले, तरच गणिताने खाली नेलेल्या अंदाजातील अनिश्चितता कमी होईल.